एका उडीमागची शिस्त

अ‍ॅरिझोनात फिनिक्सहून टूसॉनकडे निघालं की साधारण निम्म्या वाटेवर ईलॉय नावाचं छोटं गाव लागतं. आजूबाजूला कापसाची शेतं आणि सपाट वाळवंट. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, पण हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतं. शनिवार-रविवारी गावच्या विमानतळावरून दिवसभर विमानं भरून वर जातात आणि रिकामी होऊन खाली येतात. इथला ड्रॉप झोन, म्हणजे उड्या मारण्याचं मैदान, जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानांपैकी एक आहे. युरोपातून आणि कॅनडातून माणसं थंडीचे महिने काढायला इथे येतात. मीही याच मैदानावरची.

महाराष्ट्रातल्या कुणाला हे सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. भीती वाटत नाही का? आणि पॅराशूट उघडलंच नाही तर? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: वाटते, आणि वाटायलाच हवी. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी एक उडी सुरुवातीपासून जमिनीवर उतरेपर्यंत नीट उलगडून पाहावी लागते, आणि त्या उडीभोवती जी माणसं उभी असतात त्यांनाही ओळखावं लागतं.

आधी एक गल्लत दूर करू. कामशेतला डोंगरावरून रंगीत छत्रीला लटकून जे उडतात ते पॅराग्लायडिंग. तिथे छत्री जमिनीवरच फुगवलेली असते, आणि वर चढणाऱ्या हवेच्या जोरावर तासन्‌तास तरंगता येतं. स्कायडायव्हिंगमध्ये छत्री पाठीवरच्या पिशवीत बंद असते. विमानातून १३ हजार फुटांवर बाहेर पडायचं, मिनिटभर नुसतं कोसळायचं आणि मग छत्री उघडायची.

बहुतेकांची या खेळाशी ओळख टँडम उडीने होते. पाहुण्याला प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी जखडतात. पॅराशूट एकच, दोघांना पेलेल एवढं मोठं. ही पद्धत अमेरिकेत १९८०च्या दशकात बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी रुजवली. तिच्यामुळे कुठलंही प्रशिक्षण न घेतलेला माणूस अर्ध्या तासाच्या सूचनांवर उडी मारू शकतो. यातले बरेचसे फोटो घेऊन घरी जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. त्यात गैर काही नाही. जे दुसऱ्या आठवड्यात परत येतात आणि ‘मला एकट्याने मारायची आहे’ म्हणतात, त्यांच्यापासून हा समाज सुरू होतो.

त्यांचा पहिला दिवस सगळा जमिनीवर जातो. छताला टांगलेल्या पट्ट्यांमध्ये लटकायचं, आणि प्रशिक्षक डोक्यावर एकेक चित्र धरतो: ही छत्री नीट उघडली आहे का? हिला वळवता येईल का? नसेल तर तुझे हात कुठे जायला हवेत? तेच उत्तर शंभरदा द्यावं लागतं, कारण वर विचार करायला वेळ नसतो. जे हातांच्या सवयीत उतरलं आहे तेवढंच तिथे उपयोगी पडतं. शरीराची ठेवणही इथेच शिकवतात. पोट पुढे, छाती वर, हातपाय थोडे मागे, अशी कमान केली की शरीराचा जड भाग खाली राहतो आणि वारा माणसाला आपोआप पोटावर स्थिर ठेवतो. शरीर आखडलं की गिरकी बसते.

पहिल्या उडीत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात. वाऱ्याच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून खुणांची भाषा: दोन बोटं सरळ दाखवली तर पाय लांब कर, अंगठा खाली केला तर कंबर पुढे घे, हात सैल झटकला तर अंग सैल सोड. पुढे प्रशिक्षक दोनाचा एक होतो, मग तोही सोडून बाजूला तरंगत पाहतो, आणि एके दिवशी विद्यार्थी एकटाच दारातून बाहेर पडतो. किमान २५ उड्या, स्वतःच्या पॅराशूटची घडी स्वतः घालता येणं, ठरलेल्या जागेजवळ उतरून दाखवणं आणि परीक्षा, एवढं झालं की अमेरिकेतल्या पॅराशूट असोसिएशनचा ‘ए’ परवाना मिळतो. ५० उड्यांना ‘बी’, २०० ला ‘सी’, ५०० ला ‘डी’. प्रत्येक उडी वहीत लिहायची आणि शिकत असताना तिच्यावर सही घ्यायची. परवाना हातात आला तरी ६० दिवस उडी मारली नाही, तर ‘ए’वाल्याला पुन्हा प्रशिक्षकासमोर उभं राहून उजळणी करावी लागते. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. हातांना विसर पडतो, आणि तो पडल्याचं आपल्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

आता एका नेहमीच्या सकाळची उडी घेऊ.

मैदानावर आल्यावर पहिलं ठिकाण म्हणजे मॅनिफेस्टची खिडकी. तिथे नाव नोंदवून कुठल्या विमानात, कितव्या फेरीत, कुणाबरोबर ते ठरतं. एका फेरीला साधारण ३० डॉलर पडतात. ईलॉयला मुख्यतः ट्विन ऑटर नावाचं दोन इंजिनांचं विमान चालतं. त्यात विसाच्या वर माणसं दाटीवाटीने बसतात. भोंग्यावरून पुकारा होतो: अमुक फेरी, वीस मिनिटं. मग दहा, मग पाच.

त्या वीस मिनिटांत गट जमिनीवर उडीची तालीम करतो. चाकं लावलेल्या फळ्यांवर पोटावर झोपून, हात धरून, सोडून, फिरून, वर जे आकार करायचे ते सगळे खाली करून पाहतात. बघणाऱ्याला मोठी माणसं पोरखेळ करताहेत असं वाटेल. पण वर गेल्यावर कामाला मिळतात जेमतेम ४०-४५ सेकंद, त्यामुळे कोणी कुठे जायचं हा प्रश्न वर पडून चालत नाही.

मग पाठीवर रिग चढवायची. या पिशवीत दोन पॅराशूट असतात, खाली मुख्य आणि वर राखीव. उजव्या छातीवर लाल मूठ आहे, ती मुख्य पॅराशूट तोडून टाकण्याची. डावीकडे चंदेरी कडी, ती राखीव उघडण्याची. पिशवीच्या तळाशी उजव्या हाताला सापडेल असा एक छोटा गोंडा, तो मुख्य उघडण्याचा. तपासणी तीन वेळा होते: रिग घालण्याआधी, विमानात चढण्याआधी आणि दार उघडण्याआधी. त्यांतली एक तरी दुसऱ्याकडून करून घ्यायची, कारण आपल्या पाठीवरच्या पिना आपल्याला दिसत नाहीत. दहा हजार उड्यांचा माणूस पंचवीस उड्यांच्या मुलीकडे पाठ करून उभा राहतो आणि ‘जरा बघ गं’ म्हणतो. या समाजाची ओळख मला कुणी विचारली तर मी हेच दृश्य सांगते.

विमान वर जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, म्हणून खाली घामाघूम झालेली माणसं वर हातमोजे चढवतात. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा काटा मैदानाच्या पातळीला शून्यावर लावलेला असतो. समुद्रसपाटीपासूनची उंची आम्हाला उपयोगाची नाही, आपटणार ती जमीन किती लांब आहे तेच हवं. दिवा हिरवा झाला की दाराशी बसलेला आधी खाली वाकून पाहतो: खाली दुसरं विमान नाही ना, ढग नाही ना, आणि आपण बरोबर जागेवर आहोत ना.

बाहेर पडण्याचा क्रमही ठरलेला. पोटावर पडणारे मोठे गट आधी, मग लहान गट. त्यानंतर उभ्याने किंवा डोकं खाली करून पडणारे. मग विद्यार्थी आणि टँडम, आणि शेवटी पंखांचा पोशाख घातलेले विंगसूटवाले. याचं कारण वाऱ्यात आहे. पोटावरचा माणूस हळू पडतो, जास्त वेळ हवेत राहतो, म्हणून वारा त्याला लांब वाहून नेतो. डोक्यावर पडणारा झटकन खाली जातो. क्रम उलटा केला तर मागून सुटलेला गट वाहत वाहत आधीच्या गटाच्या डोक्यावर येऊन पॅराशूट उघडू शकतो. दोन गटांमध्ये किती सेकंद थांबायचं तेही वरच्या वाऱ्यावर अवलंबून असतं. वारा जोरात असला की जमिनीच्या हिशेबाने विमान रेंगाळतं, म्हणून जास्त थांबावं लागतं.

आणि मग दाराबाहेर. आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो तसा इथे येत नाही, हे कुणालाच खरं वाटत नाही. विमान आधीच ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने चाललेलं असतं, त्यामुळे बाहेर पडताच समोरून वारा अंगावर येतो आणि तोच वारा हळूहळू खालून यायला लागतो. पहिल्या हजार फुटांना दहा सेकंद लागतात. तोवर वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो आणि तिथेच थांबतो, कारण हवेचा विरोध आणि शरीराचं वजन समसमान होतात. पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत. या वेगाला हवा इतकी घट्ट लागते की तिच्यावर हातपाय टेकून वळता येतं, पुढे-मागे सरकता येतं. शेजारचाही त्याच वेगाने पडतो आहे, म्हणून तो स्थिर दिसतो. त्याचा हात अलगद धरता येतो, हसता येतं. वेगाची जाणीव फक्त काट्याला असते.

याच कौशल्यावर मोठे विक्रम उभे आहेत. ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधल्या उदोन थानीच्या आकाशात पाच मालवाहू विमानांतून उतरलेल्या ४०० जणांनी एकमेकांना धरून एकच आकृती केली. ती टिकली सव्वाचार सेकंद. त्यासाठी जगभरची माणसं एकत्र आली, दिवसच्या दिवस तालीम केली, आणि त्यांतल्या प्रत्येकाची जागा ठरलेली होती. सव्वाचार सेकंदांसाठी एवढं करणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

साडेचार-पाच हजार फुटांवर गट मोडतो. प्रत्येक जण पाठ फिरवून, हात अंगालगत घेऊन, बाणासारखा लांब निघून जातो. जितकं अंतर, तितकी पॅराशूट एकमेकांत अडकण्याची भीती कमी. मग डोक्यावर दोन्ही हात हलवून वरच्याला इशारा द्यायचा आणि उजवा हात मागे न्यायचा. ‘ए’ परवान्याला ३ हजार फुटांवर पोहोचेपर्यंत पॅराशूट उघडण्याचं काम सुरू झालेलंच हवं. तिथून जमीन, त्या वेगाने, सतरा सेकंदांवर असते.

आता उघडण्याची गोष्ट. ती समजली की ‘उघडलंच नाही तर’ या प्रश्नातली निम्मी धास्ती जाते. गोंड्याला जोडलेलं असतं एक हातभर रुंदीचं छोटं पॅराशूट, त्याला पायलट शूट म्हणतात. ते वाऱ्यात फेकलं की फुगतं आणि मागची पट्टी ताणते. पट्टीवरची वाकडी पिन निघते आणि पिशवीची झापं उघडतात. आतली कापडी थैली उचलली जाते, रबरांत अडकवलेल्या दोऱ्या एकेक करून सुटतात. दोऱ्या पूर्ण ताणल्या की थैलीचं तोंड उघडतं आणि कापड बाहेर येतं. ते एकदम फुगलं तर झटक्याने माणसाची मान मोडेल. म्हणून दोऱ्यांवर एक चौकोनी फडकं ओवलेलं असतं, स्लायडर. फुगणारं पॅराशूट त्याला खाली ढकलतं, आणि वारा त्याला वर दाबून धरतो. या ओढाताणीत तीन-चार सेकंद जातात आणि उघडणं सुसह्य होतं.

वर आता जे फुललेलं आहे ती सिनेमात दिसते तशी गोल छत्री नसते. तो लांबट चौकोनी पंख आहे. पुढची कड उघडी, मागची शिवलेली. पुढून हवा आत शिरते आणि कापडाचे कप्पे फुगून त्याला विमानाच्या पंखाचा आकार येतो. डोमिना जाल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाने १९६०च्या दशकात ही रचना शोधली. त्यामुळे पॅराशूट नुसतं खाली न येता पुढे उडू लागलं, वळू लागलं, आणि वाऱ्यावर वाहून जाणाऱ्या माणसाला आपली उतरायची जागा स्वतः निवडता येऊ लागली. छंद म्हणून हा खेळ आज ज्या रूपात आहे ते या पंखामुळेच.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे वर पाहणं. चौकोनी आहे का, स्थिर आहे का, वळतं का? दोऱ्यांना पीळ बसला असेल तर पाय झाडून सोडवता येतो. एखादी दोरी कापडावरून गेली असेल, पॅराशूट गरगर फिरत असेल, किंवा थैलीच उघडली नसेल, तर निर्णयाची उंची ठरलेली आहे. विद्यार्थ्याला आणि ‘ए’ परवानाधारकाला ती २,५०० फूट. त्याखाली सुधारण्याचे प्रयत्न बंद. लाल मुठीकडे बघ, दोन्ही हातांनी धर, ओढ. मग चंदेरी कडी ओढ. पहिल्या दिवशी छताला लटकून शंभरदा म्हटलेलं तेच इथे होतं.

लाल मूठ ओढली की खांद्यावरच्या तीन कड्या सुटतात. मोठीतून मधली, मधलीतून लहान, आणि लहानीवर एक दोऱ्याचं वेढं, ज्यातून केबल गेलेली. प्रत्येक कडी तरफेसारखी काम करते, त्यामुळे माणसाच्या वजनाचा सगळा ताण शेवटच्या दोऱ्यापर्यंत पोहोचेतो अगदी नगण्य उरतो आणि केबल सहज निघते. ही रचना बिल बूथ यांचीच, १९७०च्या दशकातली. तोडलेलं पॅराशूट उडून जाता जाता एका पट्टीने राखीवची पिन ओढतं, म्हणजे हात पोहोचायच्या आत राखीव निघालेलं असतं. आणि माणूस बेशुद्ध असेल, गोंधळला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर शेवटचा पहारेकरी म्हणजे पिशवीतलं एक यंत्र. १९९१ मध्ये जर्मनीत हेल्मुट क्लोट यांनी ‘सायप्रेस’ नावाने ते आणलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. साधारण ७५० फुटांवरही माणूस मुक्त पतनाच्या वेगाने पडत असेल, तर ते एक बारीक कातर उडवतं, राखीवला बांधलेली दोरी कापली जाते आणि राखीव उघडतं. त्या उंचीवरून जमीन जेमतेम चार सेकंदांवर असते.

राखीव पॅराशूटला हात लावायचा अधिकार फक्त सनदी रिगरला. तो दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून आपली मोहर लावतो. मुख्य पॅराशूटची घडी मात्र ज्याची त्याने घालावी, किंवा पैसे देऊन पॅकरकडून घालून घ्यावी. मैदानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर हे काम चालू असतं. दोऱ्या खांद्यावर टाकून, कापडाचा एकेक कप्पा बाजूला घेत, निऱ्या घालाव्या तशा घड्या घालायच्या. मग सगळं जमिनीवर अलगद निजवून, आतली हवा काढत, निसटू न देता थैलीत भरायचं. नवशिक्याला तासभर लागतो आणि अंगाला घाम फुटतो. सरावलेला पॅकर दहा मिनिटांत उरकतो. ही पोरं-पोरी बहुतेक मैदानावरच व्हॅनमध्ये राहतात. घड्या घालून मिळालेले पैसे संध्याकाळपर्यंत स्वतःच्या उड्यांत खर्च होतात. ज्या दिवशी कुणाला राखीववर उतरावं लागतं, त्या दिवशी तो आपल्या रिगरला चांगली बाटली नेऊन देतो. ही प्रथा कुणी चुकवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एवढ्या सगळ्या तटबंदीनंतर माणसं मरतात ती कशी? हे स्पष्ट सांगायला हवं. १९७०च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसच्या वर स्कायडायव्हर जात होते. २०२३ मध्ये साधारण साडेछत्तीस लाख उड्यांमागे १० गेले. आणि आता यांतल्या अनेकांच्या डोक्यावर व्यवस्थित उघडलेलं, धडधाकट पॅराशूट असतं.

पॅराशूट जितकं लहान तितकं ते वेगवान. नवशिक्याला मोठं, आळशी पॅराशूट देतात. उड्या वाढल्या की हौस वाढते, आणि लहान पॅराशूट घ्यावंसं वाटतं. वळण घेताना पंख कलतो, माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि सगळं मिळून खाली झेपावतं. उंचीवर यात मजा आहे, कारण सावरायला जागा आहे. शंभर फुटांवर कुणी अचानक समोर आलं, किंवा वाऱ्याची दिशा चुकल्याचं उशिरा कळलं, आणि घाबरून जोरात वळण घेतलं, तर सावरण्याआधी जमीन येते. तिथे राखीव पॅराशूट किंवा सायप्रेस काहीच करू शकत नाही.

म्हणून उतरण्याची वाट रस्त्यासारखी आखलेली आहे. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, सहाशेला काटकोनात, तीनशेला वाऱ्याच्या तोंडावर, आणि तिथून सरळ. जमीन दहा-बारा फुटांवर आली की वळवण्याच्या दोन्ही दोऱ्या पूर्ण खाली ओढायच्या. पंखाचा वेग मोडतो आणि पाय चालल्यासारखे टेकतात. वाळवंटात आणखी एक शत्रू आहे, धुळीची वावटळ. दुपारी तापलेल्या जमिनीवरून ती उठते, आणि तिच्यात सापडलेलं पॅराशूट क्षणात मिटतं. म्हणून उन्हाळ्यात ईलॉयचे जुने लोक भल्या सकाळी उड्या उरकून दुपारी सावलीत बसतात.

माझ्या मते या खेळातलं सर्वांत अवघड काम म्हणजे न उडणं. पैसे भरलेले, रिग अंगावर, मित्र विमानाकडे निघालेले, आणि वारा वाढलेला. विद्यार्थ्यांना ताशी १४ मैलांची मर्यादा घातलेली आहे. परवानाधारकाने स्वतः ठरवायचं. अशा वेळी एखादा जुना माणूस काही न बोलता रिग उतरवून बाकावर बसतो. त्याच्यामागे दोन-तीन नवे बसतात. कुणी हसत नाही, कुणी चिडवत नाही. चांगल्या मैदानाची हीच परीक्षा.

दुसरी परीक्षा म्हणजे अपघाताविषयी बोलण्याची रीत. असोसिएशनच्या मासिकात अपघातांचे अहवाल छापले जातात: किती उड्यांचा अनुभव, कुठलं पॅराशूट, काय घडलं, कुठल्या क्षणी वेगळं काय करता आलं असतं. नावं नसतात. आम्ही ते अहवाल शेडमध्ये बसून एकत्र वाचतो, त्यांवर वाद घालतो. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी सगळे, हजारो उड्या झालेलेसुद्धा, पुन्हा छताला लटकतात आणि लाल, मग चंदेरी म्हणतात. गेलेल्या मित्राच्या अस्थी कधी कधी त्याचे सोबती उडीत बरोबर नेतात आणि आकाशात सोडतात. मृत्यू या समाजात लपवून ठेवलेला नाही, म्हणूनच त्याच्याकडून शिकता येतं.

बाकी आनंदच आनंद. नर्स, ट्रकचालक, प्राध्यापक, लष्करातून निवृत्त झालेले, चिप बनवणाऱ्या कंपन्यांतले अभियंते, सगळे एकाच शेडमध्ये गुडघ्यांवर बसून घड्या घालतात, आणि कोण कुठे काय कमावतो हे वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. कुणाचंही काही पहिल्यांदा झालं, पहिली एकटी उडी, पहिलं नवं विमान, पहिली राखीववरची उतराई, की त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. मात्र शेवटचं विमान उतरेपर्यंत बाटलीला कुणी हात लावायचा नाही. बायकांची संख्या अजून कमी आहे. त्यासाठी ‘सिस्टर्स इन स्कायडायव्हिंग’ नावाने अनुभवी बायका नव्यांबरोबर उड्या मारतात. मी शिकत असताना याचा फार आधार वाटला.

आपल्याकडे या खेळाची ओळख बऱ्याच अंशी एका पुणेकर मुलीने करून दिली. शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये थायलंडला त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. त्या नऊवारीचे फोटो घरोघर पोहोचले. ज्यांना हा खेळ माहीत आहे त्यांना मात्र फोटोत आणखी काही दिसलं: सैल कापड मुठींवर येऊ नये म्हणून पदर किती बारकाईने आवळून बसवावा लागला असेल. त्यांच्याआधी रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचल थॉमस यांनी भारतीय बायकांसाठी ही वाट उघडली होती. भारतात मात्र बारा महिने चालणारी, शिकण्यापासून परवान्यापर्यंत नेणारी मैदानं अजून नाहीत म्हणावं इतकी थोडी. हरयाणात नारनौलला टँडम उड्या होतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये हवाई खेळांचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्यात स्कायडायव्हिंगही आहे. तरीही मनापासून शिकू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना आज स्पेन, थायलंड, दुबई किंवा अमेरिका गाठावी लागते, आणि शिकण्याचा खर्चच काही हजार डॉलरच्या घरात जातो. पावसाळा सोडला तर आपल्या पठारावरचं आकाश या खेळाला उत्तम आहे. एक धावपट्टी, एक विमान आणि दहा चांगले प्रशिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते, आणि ती व्हावी असं मला फार वाटतं.

तोवर कुणी सुटीत टँडम उडीला जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षकाचं टँडमचं प्रमाणपत्र चालू आहे का? राखीव पॅराशूट शेवटचं कधी तपासलं आणि त्याची तारीख दाखवता का? पिशवीत आपोआप राखीव उघडणारं यंत्र आहे का? चांगल्या मैदानावर हे प्रश्न विचारल्याचा कुणाला राग येत नाही, उलट रिग उघडून दाखवतात. जिथे उत्तर टाळलं जाईल किंवा वारा वाढलेला असताना घाई केली जाईल, तिथून परत फिरा आणि दुसरं मैदान शोधा.